उठून दिसणें

मराठी भाषेंत एखादी वस्तु डोळ्यांत भरते, एखादी डोळ्यांवर येते आणि एखादी डोळ्यांत खुपते. तिन्ही ठिकाणीं घडतें तें मुळांत एकच. आजूबाजूच्या अनेक वस्तूंना ओलांडून दृष्टि एकीवर जाऊन थबकते. परंतु पहिल्या प्रयोगांत कौतुक आहे, दुसऱ्यांत असूयेची छटा आहे आणि तिसऱ्यांत सरळसरळ नापसंती आहे. 'ठळक', 'ठसठशीत', 'उठावदार' हे शब्द प्रशंसेचे; 'भडक' आणि 'भपकेदार' हे नाक मुरडण्याचे. 'उठाव' हा शब्द तर चित्रकाराच्या कुंचल्यालाही लागतो आणि बंडखोरांच्या शस्त्रालाही लागतो. एकाच व्यापाराकडे भाषेनें इतक्या निरनिराळ्या नजरांनीं पाहावें, ह्यावरूनच तो वाटतो तितका सरळ नाहीं, हें उघड होतें.

सामान्य समजूत अशी कीं, उठून दिसणें हा वस्तूच्या अंगचा गुण आहे. तांबडा रंग उठून दिसतो, उंच मनोरा उठून दिसतो, मोठा आवाज चटकन् ऐकूं येतो, असें सहज म्हटलें जातें. ही समजूत अर्धीच खरी आहे. तांबड्या पडद्यासमोर तांबडें फूल कोणास दिसणार? मनोऱ्यांच्या गर्दींत एका मनोऱ्याकडे कोणी पाहावें? उठून दिसणें हें वस्तु आणि तिची पार्श्वभूमि ह्यांच्यामधील नातें आहे; आणि नातें म्हटलें कीं त्याची जबाबदारी एकाच बाजूवर टाकून चालत नाहीं. ठाणें आणि कल्याण-डोंबिवली ह्या टापूंत खाडी आहे, वनराईचा डोंगर आहे, साडेनऊशें वर्षांहून जुनें देऊळ आहे, आगगाडीचा रूळ आहे आणि दाटीवाटीचे रस्तेही आहेत. हें नातें निसर्गांत, भाषेंत आणि कलेंत कसें जुळतें व कसें बिघडतें, ह्याचे दाखले येथें थोड्या कोसांच्या आंत सांपडतात.

प्रथम खाडीकडे पाहावें. हिंवाळा सुरू झाला म्हणजे ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागतात. अग्निपंख असेंही त्यांना म्हणतात. पावसाळा जवळ येईपर्यंत त्यांचा मुक्काम असतो, आणि ऐरोलीच्या पुलावरून जाणाऱ्यास दूर चिखलावर गुलाबी रेघ ओढल्यासारखी दिसते. शासनानें २०१५ सालीं खाडीचा सुमारें १,६९० हेक्टरांचा भाग ह्या पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि २०२२ सालीं रामसर कराराच्या यादींत त्याचा समावेश झाला. त्याच चिखलांत, त्याच वेळीं, तुतवार आणि चिखले हे लहान पाणपक्षीही मोठ्या संख्येनें चरत असतात. परंतु त्यांची पाठ चिखलाच्याच रंगाची असल्यामुळें ते हलले तरच दिसतात. एकच पार्श्वभूमि एकाला प्रकट करते आणि दुसऱ्याला पोटांत घेते.

रोहिताचा गुलाबी रंगही त्याला जन्मतः मिळालेला नसतो. त्याचें पिलूं करड्या रंगाचें असतें. पाण्यांतील सूक्ष्म शेवाळें आणि बारीक कवचधारी जीव ह्यांच्या आहारांतून कॅरोटिनॉइड नांवाचीं रंगद्रव्यें शरीरांत जातात आणि पिसें हळूहळू गुलाबी होतात. ज्या दलदलीवर हा पक्षी इतका उठून दिसतो, तशाच दलदलींतून त्याला तो रंग मिळालेला असतो. पार्श्वभूमि ही वस्तूच्या मागें नुसती पडून राहते असें जे समजतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

खाडीकडून येऊरच्या डोंगराकडे वळलें म्हणजे दुसरा दाखला मिळतो. पळस, पांगारा आणि कांटेसांवर हीं झाडें माघ-फाल्गुनांत फुलतात, तेव्हां डोंगराच्या उतारावर जागोजागीं आग लागल्याचा भास होतो. वर्षाचे बाकीचे महिने ह्या झाडांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. फुलाचा रंग कितीही तेजस्वी असो, तो भर पावसाळ्यांतल्या गर्द पालवींत असता तर निम्मा झांकला गेला असता. ह्या झाडांनीं फुलण्यापूर्वीं आपलीं पानें उतरवून ठेवलेलीं असतात. साळुंक्या, बुलबुल आणि सूर्यपक्षी ह्यांना दुरून निमंत्रण पोहोंचावें, त्यांनीं मधासाठीं यावें आणि परागांची ने-आण व्हावी, ह्याकरितां झाडाला केवळ रंग भरून भागत नाहीं. भोंवतालची गर्दी आधीं कमी करावी लागते.

इतकें असूनही मराठी माणसानें पळसावरून जी म्हण केली ती फुलाची नव्हे, पानांची. कोठेंही जावें, पळसाला पानें तीनच. जें सर्वांत भडक तें सोडून जें सर्वत्र सारखें तेंच लोकांच्या बुद्धीनें उचललें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आणि ह्या म्हणीचें सारें बळ शेवटच्या 'च' ह्या एका अक्षरांत आहे. तो काढून टाकला तर वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतील एक निरुपद्रवी वाक्य तेवढें उरतें.

हा 'च' म्हणजे मराठी भाषेचा उठाव देण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तीक्ष्ण उपाय होय. 'तो उद्यां कल्याणला जाणार', हें साधें वाक्य घ्यावें. 'तोच' म्हटलें कीं बाकीचीं माणसें बाजूला होतात. 'उद्यांच' म्हटलें कीं आजचा आणि परवांचा प्रश्न मिटतो. 'कल्याणलाच' म्हटलें कीं ठाणें आणि डोंबिवली गळतात. 'जाणारच' म्हटलें कीं त्याची समजूत घालण्यांत अर्थ नाहीं, हें घरच्यांना कळून चुकतें. एक अक्षर चार जागीं ठेवून चार वाक्यें होतात. पण 'तोच उद्यांच कल्याणलाच जाणारच' असें कोणी म्हणाला, तर ऐकणारा गोंधळतो आणि मग हंसतो. चारही शब्द एकदम पुढें सरसावतात आणि एकही पुढें येत नाहीं.

मुद्रकाजवळ ठळक टाइप असतो. ध्वनिक्षेपकापुढें बसलेल्या वक्त्याजवळ तोही नसतो. त्याला उठाव द्यावयाचा तर आवाज चढवावा असें प्रथम वाटतें. परंतु ज्यानें सारें भाषण चढ्या आवाजांत केलें त्याचें एकही वाक्य श्रोत्यांच्या लक्षांत राहत नाहीं. चांगला वक्ता महत्त्वाच्या शब्दापूर्वीं क्षणभर थांबतो. त्या क्षणाच्या शांततेवर पुढील शब्द पांढऱ्या कागदावरील अक्षरासारखा उमटतो. चांगला कीर्तनकारही हें जाणून असतो, आणि मुलांना गोष्ट सांगणारी आजीही.

साहित्याच्या मीमांसकांनीं ह्याच प्रश्नाचा निराळ्या शब्दांत विचार केला आहे. काश्मीरच्या कुंतकानें दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास वक्रोक्ति म्हणजे बोलण्याच्या नेहमींच्या सरळ वाटेहून वेगळें वळण हें काव्याचें जीवित मानलें. त्याच भूमींतील क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्याचा पक्ष मांडला. कमरेची मेखला गळ्यांत घातली तर दागिना खरा असूनही हंसेंच होतें, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. ह्या दोन मतांत वरवर विरोध दिसला, तरी तीं परस्परांस पूरक आहेत. वळण हवें, पण वळण दिसण्यासाठीं सरळ वाटही हवी. प्रागचा पंडित यान मुकार्झोव्स्की ह्यानें १९३२ सालीं हाच विचार आधुनिक परिभाषेंत मांडला. काव्यांत भाषेचा एखादा घटक हेतुपूर्वक पुढें आणला जातो. परंतु सर्वच घटक एकाच वेळीं पुढें आणणें ही कल्पनाच अशक्य आहे, कारण एक पुढें येण्यासाठीं दुसऱ्यानें मागें राहावें लागतें, असें त्याचें प्रतिपादन होतें. हल्लींच्या बोलण्यांत चहाही 'प्रचंड' आवडतो, नाटकही 'प्रचंड' आवडतें आणि पाऊसही 'प्रचंड' पडतो. मग खरोखरी नदी पात्र सोडून घरांत शिरली म्हणजे तिच्यासाठीं शब्द उरत नाहीं.

पुढें कोण आणि मागें कोण, हा प्रश्न दगडांत कसा सोडवतात तें पाहावयाचें असेल तर कल्याणच्या पलीकडे, वालधुनीच्या कांठीं, अंबरनाथाच्या शिवालयाकडे जावें. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा मामवाणि ह्याचें नांव आहे. देऊळ काळ्या दगडाचें आणि भूमिज शैलीचें. बाहेरच्या भिंतींवर देवता, अप्सरा, हत्ती, वेलबुट्ट्या ह्यांची इतकी दाटी आहे कीं, हें सारें एकमेकांवर ओरडत असेल असें कोणास वाटावें. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. भिंत सरळ नसून कोनाकोनांनीं पुढें येते आणि मागें जाते. त्यामुळें ऊन कांहीं मूर्तींवर पडतें आणि कांहीं सांवलींत राहतात. सूर्य सरकतो तसा हा क्रमही पालटतो. शिखरावर चारही दिशांना खालून वर जाणाऱ्या नक्षीच्या पट्ट्या आहेत, ज्यांना लता म्हणतात, आणि त्यांच्या मधल्या भागांत लहान लहान शिखरांच्या ओळी आहेत. शिखराचा माथा आज भग्न असला तरी ही रचना स्पष्ट ओळखतां येते. लहान शिखरें अनेक आहेत म्हणूनच लता एकेकटी उठून दिसते. गर्दीलाच येथें पार्श्वभूमीचें काम दिलेलें आहे.

आणि एवढें सारें पाहून मंडपांत शिरलें म्हणजे गाभाऱ्याकडे जाण्यासाठीं वर चढावयाचें नसतें. पायऱ्यांनीं खालीं उतरावें लागतें. बाहेरच्या मूर्तींचा गजबजाट तेथें नाहीं. ज्याच्यासाठीं देऊळ बांधलें तें लिंगच सर्वांत कमी शोभिवंत आणि सर्वांत कमी नजरेंत भरणारें आहे. महत्त्वाचें आणि ठळक ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें त्या कारागिरांना ठाऊक होतें. ठळकपणाचें काम वाट दाखविण्याचें. वाट संपली कीं त्याचेंही काम संपतें.

वारली चित्रांतही हाच विवेक दिसतो. हीं चित्रें जेथें फुललीं तो डहाणू-तलासरीचा मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता. गेरूनें किंवा मातीनें सारवलेली भिंत, तांदुळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि दोन त्रिकोण जोडून केलेलीं माणसें, एवढीच सामग्री. झाडें, जनावरें, घरें आणि माणसें एकाच रंगाचीं असल्यामुळें कोणी राजा होऊन मध्यें बसत नाहीं. परंतु लग्नप्रसंगीं सुवासिनी जो चौक काढतात, त्याच्या चारही बाजूंना नक्षीच्या रेघा दाट होत जातात, आणि त्यामुळें मधील पालघट देवीची जागा आपोआप नजरेंत भरते. जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर आणि देशोदेशींच्या प्रदर्शनांत नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतही रंगांची संख्या वाढली नाहीं. पांढऱ्या रेघेचें तेज मातीच्या रंगावर अवलंबून आहे, ही जाणीव त्यांनीं सोडली नाहीं.

येथवर पार्श्वभूमि आपल्या जागीं स्थिर आहे असें धरून विचार केला. परंतु पार्श्वभूमि बदलते, आणि तेव्हां जो बदललेला नाहीं तोच विचित्र दिसूं लागतो. इंग्लंडांतील एका पतंगाची कथा ह्या बाबतींत प्रसिद्ध आहे. फिकट, ठिपकेदार पंखांचा हा पतंग शेवाळलेल्या झाडांच्या सालीवर बेमालूम मिसळून जाई. गिरण्यांच्या धुरानें सालीं काळवंडल्या, आणि तोच पतंग पक्ष्यांच्या डोळ्यांवर आला. मँचेस्टर येथें १८४८ सालीं काळा प्रकार नोंदला गेला आणि त्या शतकाच्या अखेरीस तेथें जवळजवळ तेच पतंग उरले. १९५६ च्या कायद्यानंतर हवा हळूहळू स्वच्छ झाली, तेव्हां फिकट पतंग पुन्हां वाढले. त्यांच्या पंखांत दोष कधींच नव्हता.

रेल्वेच्या इतिहासांतही असाच एक प्रसंग आहे. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली आणि पुढल्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत पोहोंचला. त्या काळच्या विलायती रेल्वेंत तांबडा दिवा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधगिरी आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत होता. रात्र अंधारी होती तोंवर पांढरा दिवा पुरेसा ठळक होता. शहरांत दिव्यांची संख्या वाढली, तसा इशाऱ्याचा पांढरा दिवा कोणता आणि घरचा कोणता हें कळेना. शिवाय तांबडी कांच फुटली तर धोक्याचा दिवाच पांढरा दिसे. अखेर पांढऱ्याची ही कामगिरी काढून हिरव्याला दिली गेली. दिव्याचें तेज कमी झालें नव्हतें. भोंवतालचा काळोख मात्र संपला होता.

पतंग आणि दिवा ह्यांच्याबद्दल हें पटवून घेणें सोपें आहे. माणसांच्या बाबतींत तें अवघड जातें. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली ह्यांच्या भोंवतालच्या गांवांत आगरी आणि कोळी समाजांची वस्ती फार जुनी आहे. त्यांच्या बोलींत 'पाणी' चें 'पानी' होतें आणि 'डोळे' चे 'डोले'. खाडीकांठच्या गांवांत ही बोली कोणाच्या कानाला लागत नसे, कारण सारेच तसें बोलत. शहरें वाढलीं, बाहेरून लाखों कुटुंबें येऊन वसलीं, शाळेच्या वर्गांत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलांची संख्या अधिक झाली, आणि ज्या मुलाच्या वाडवडिलांची ही भूमि त्याचेंच बोलणें वर्गांत उठून दिसूं लागलें. त्यानें तोंड उघडलें कीं इतर मुलें वळून पाहतात. मग तो घरीं एक बोलतो आणि शाळेंत दुसरें. मोठा झाल्यावर आपल्या मुलांशीं पहिलें बोलण्याचेंही टाळतो. त्याची बोली बदलली नव्हती. बदलला होता तो वर्ग. तरीही अवघडलेपणाचा भार त्या एकट्या मुलावर पडतो. जो उठून दिसतो तोच वेगळा, असें मानण्याची संवय दृष्टीला आहे. आणि ज्यांची संख्या अधिक त्यांना आपण पार्श्वभूमि झालों आहोंत हें सहसा कळत नाहीं. एखाद्या बोलीला हंसणाऱ्यांनीं आधीं हें कोणाचें गांव होतें एवढें विचारलें, तरी पुष्कळ अन्याय टळेल.

उठून दिसण्याला आणखी एक अट आहे, आणि ती सत्याची. अंगावर भडक रंग घेऊन उघड्यावर हिंडणें हें कीटकाला मरणाचें आमंत्रण वाटावें. तरी कांहीं सुरवंट इतके रंगीत कां, असा प्रश्न डार्विनला पडला. आल्फ्रेड रसेल वॉलेसनें १८६७ सालीं त्याचें उत्तर सुचविलें: हे जीव बेचव किंवा विषारी असावेत आणि त्यांचा रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचना असावी. बिबळ्या कडवा हें नारिंगी-काळें फुलपाखरूं ठाण्याच्या परिसरांत रुईच्या झुडपांभोंवतीं संथपणें उडतांना दिसतें. त्याच्या सुरवंटानें रुईसारख्या चिकाच्या वनस्पति खाऊन विष सांठवलेलें असतें, म्हणून त्याला घाई नसते. डॅनेड एगफ्लाय नांवाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी, स्वतः निर्विष असून, हुबेहूब हाच वेष धारण करते आणि बचावते. नकलेचा हा प्रकार हेन्री वॉल्टर बेट्स ह्यानें १८६२ सालीं प्रथम स्पष्ट केला. मात्र ही नक्कल तोंवरच फळते, जोंवर नकली थोडे आणि अस्सल पुष्कळ असतात. नकली वाढले कीं पक्षी त्या रंगाला भीत नाहींसे होतात, आणि नकली व अस्सल दोघेही मारले जातात.

शहरांतील रस्त्यांवर आज हेंच घडतांना दिसतें. चौकाचौकांत वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, सवलतींचे फलक एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक अक्षर तांबडें किंवा पिवळें, प्रत्येक चेहरा माणसाहून मोठा. त्यांच्या खालीं कोठें तरी 'पुढें रस्ता खणला आहे' ही एक पाटी असते, आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. कारण तिचा तांबडा रंग आधींच इतरांनीं खर्च केलेला असतो. पाटी लहान पडते म्हणून फलक मोठा होतो, फलक मोठा झाला म्हणून शेजारचा त्याहून मोठा होतो. ह्या चढाओढीची परिणति कोठें होते, तें ठाण्याच्या वाटेवरील घाटकोपरनें १३ मे २०२४ रोजीं पाहिलें. महापालिकेच्या नियमानें ४० फूट लांब व ४० फूट रुंद ही मर्यादा असतां सुमारें १२० फूट लांब-रुंद फलक तेथें उभा होता. वादळी वाऱ्यांत तो पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें प्राणांस मुकलीं.

रेल्वेनें मात्र ह्या बाबतींत एक शहाणपण टिकविलें आहे. तांबडा दिवा ती कोणाच्या अभिनंदनासाठीं लावीत नाहीं. स्थानकाच्या नांवाची पाटी पिवळी आणि अक्षरें काळीं, एवढाच तिचा थाट. पण गर्दीनें खचाखच भरलेल्या डब्याच्या दारांतूनही ती ओझरती वाचतां येते. शहरालाही हें करतां येईल. कांहीं रंग, कांहीं जागा आणि कांहीं आकार केवळ धोक्याच्या व मार्गाच्या सूचनांसाठीं राखून ठेवावे आणि बाकीच्यांनीं तेथें शिरूं नये, असा नियम करणें आणि तो पाळणें नगरपालिकांच्या हातीं आहे. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना तर नियमाचीही वाट पाहावी लागत नाहीं. 'प्रचंड' हा शब्द आठ दिवस न वापरण्याचा प्रयोग कोणत्याही घरांत करतां येईल. आणि वर्गांत 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला त्याचें वाक्य पुरें करूं देणें, हेंही कोणाही शिक्षकाला आजपासून करतां येईल.